निरंक म्हणजे रिकामं नव्हे

फेब्रुवारी २०२१ चा पहिला आठवडा. मी कळमनुरीत घरीच होतो. वर्क फ्रॉम होम सुरू होऊन दहा महिने झाले होते, पुण्यातली खोली केव्हाच सोडली होती. दुपारी मोबाईलवर बातमी आली : यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात बारा लहान मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी हॅन्ड सॅनिटायझर पाजलं. मुलं दवाखान्यात, प्रकृती स्थिर.

मी ती बातमी ऑफिसातल्या मित्रांच्या ग्रुपवर टाकली. वर लिहिलं, 'आमच्या शेजारच्या जिल्ह्यातून थेट प्रक्षेपण'. सोबत कपाळाला हात लावलेला इमोजी. शेजारचा म्हणजे खरंच शेजारचा. कळमनुरीहून इसापूर धरणाकडे गेलं, की पैनगंगेच्या पलीकडे यवतमाळ जिल्हा सुरू होतो. ग्रुपवर हसणारे चेहरे आले, कुणीतरी मीम बनवलं. पाच मिनिटांत विषय संपला.

माझी आई अंगणवाडी सेविका आहे. ज्या रविवारी हे घडलं, त्या ३१ जानेवारीला ती आमच्याच तालुक्यातल्या एका गावात पोलिओच्या बूथवर होती. बातमी आली तेव्हा ती आतल्या खोलीत रजिस्टर भरत बसली होती. मी हसत हसत तिला मोबाईल दाखवला. तिनं चष्मा लावून बातमी पूर्ण वाचली आणि दोन प्रश्न विचारले. पहिला, "लेकरं कोणाची होती?" दुसरा, "बाटल्या कुठं ठेवल्या होत्या त्यांनी?"

या दोन्ही प्रश्नांची उत्तरं मी वाचलेल्या बातम्यांत नव्हती. मला ते प्रश्न पडलेही नव्हते. पुढं चार वर्षं मी अधूनमधून या बातमीकडे परत जात राहिलो. हा लेख म्हणजे त्या वाचनाचा हिशोब आहे. एखाद्या कथेची समीक्षा करावी तशी मला तीन गोष्टींची समीक्षा करायची आहे : ही बातमी, आपण लहानपणी पाहिलेली पोलिओची जाहिरात, आणि जगभर रोग हटल्याचं दाखवणारा तो खाली उतरत जाणारा आलेख. रोगाच्या निर्मूलनाची गोष्ट आपल्याला या तिघांनी सांगितली. कोरोनाच्या काळात नेमकं काय बिघडलं, हे तिघांनाही सांगता आलं नाही. का आलं नाही, ते बघू.

बातमी

बातमीत तीन पात्रं आहेत. निष्काळजी कर्मचारी, निरागस मुलं आणि कारवाई करणारं प्रशासन. चूक झाली, चौकशी लागली, तिघांवर निलंबनाची कारवाई होणार. सुरुवात, मध्य, शेवट. वाचणाऱ्याला राग येतो आणि शेवटी न्याय झाल्याचं समाधानही मिळतं.

या गोष्टीत काळ नाही. ती कोणत्याही वर्षी घडली असती, अशी सांगितली आहे. ती फक्त त्याच वर्षी घडू शकत होती. कारण साधं आहे : एक वर्ष आधी पोलिओच्या बूथवर सॅनिटायझरची बाटलीच नसायची.

बूथ म्हणजे काय असतो हे मी लहानपणापासून बघतोय. एक टेबल, एक बॅनर, लशीचा निळा डबा, डब्यात बर्फाचे पॅक, त्यात लशीच्या छोट्या बाटल्या. एका बाटलीत वीस मुलांचे डोस. बाटलीवर एक गोल आणि त्यात एक चौकोन असतो. लस उष्णतेनं खराब होत गेली की आतला चौकोन गडद होत जातो. शिवाय डाव्या हाताच्या करंगळीवर खूण करायला मार्कर, हिशोबाचा कागद. दुसऱ्या दिवसापासून घरोघर जायचं, तेव्हा दारावर लिहायला खडू. २०२१ मध्ये या टेबलावर मास्क आले आणि सॅनिटायझर आलं. मुलाला हात लावण्याआधी हात स्वच्छ करा, ही सूचना योग्यच होती. ती पाळण्यासाठी दिलेली वस्तूच बारा मुलांच्या तोंडात गेली. साथीनं निर्मूलनाच्या मोहिमेत कसा हस्तक्षेप केला याचं इतकं शब्दशः उदाहरण कुठल्या लेखकाला सुचलं असतं, तर आपण त्याला 'जरा अतीच झालं' म्हणालो असतो.

दुसरी गळालेली गोष्ट म्हणजे तारीख. देशभरातला पोलिओचा तो दिवस आधी १७ जानेवारीला ठरला होता. १६ जानेवारीला कोरोना लसीकरण सुरू झालं, म्हणून पोलिओचा दिवस पुढं ढकलून ३१ ला नेला. दोन आठवडे म्हणजे काही फार नाही. पण या तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की दिसतं, की दोन्ही मोहिमांना तीच माणसं, तीच शीतपेट्यांची साखळी आणि तीच आरोग्य केंद्रं लागतात. साथ येते तेव्हा नवी माणसं घेऊन येत नाही. जुन्याच माणसांकडून काम मागते.

आईचं ते वर्ष मला पाठ आहे, कारण मी पहिल्यांदाच तिचं काम घरी बसून बघत होतो. मार्च २०२० पासून पुण्या-मुंबईहून गावात कोण आलं याच्या याद्या. एप्रिलमध्ये मालेगाव आणि मुंबईच्या बंदोबस्तावरून परतलेले हिंगोलीचे राज्य राखीव दलाचे जवान मोठ्या संख्येनं पॉझिटिव्ह निघाले. त्यानंतर आमच्या जिल्ह्यातली भीती एकदम वाढली. लोक सर्व्हेला आलेल्या बायकांना दारातूनच परत पाठवू लागले. सप्टेंबरमध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' आलं. घराघरात जाऊन ताप आणि ऑक्सिजन मोजायचा. शिवाय अंगणवाडीचा शिधा घरपोच. त्यानंतर पोलिओ. मी तिला म्हणालो होतो, "सुट्टी घे एखादी." ती म्हणाली, "सुट्टी घेतली की ती घरं माझ्या जागी कोण फिरणार? तू?"

आता माझी एक गोष्ट. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका संध्याकाळी प्रॉडक्शन सर्व्हरवर चुकीची फाईल चढवली. दोन फाईली होत्या, नावांत एका अक्षराचा फरक, एकाच फोल्डरमध्ये. चाळीस मिनिटं ॲप बंद पडलं. मला वाटलं नोकरी गेली. दुसऱ्या दिवशी मीटिंग झाली. आमच्या धंद्यात तिला पोस्टमॉर्टम म्हणतात आणि तिचा पहिला नियम असतो, की माणसाचं नाव घ्यायचं नाही. 'कुणी चुकलं' असं विचारायचं नाही, 'चुकणं इतकं सोपं का होतं' असं विचारायचं. शेवटी ठरलं, की दोन्ही फाईली वेगवेगळ्या ठिकाणी ठेवायच्या आणि चढवण्याआधी दुसऱ्यानं बघायचं. माझा पगार कापला गेला नाही.

आईचा दुसरा प्रश्न, 'बाटल्या कुठं ठेवल्या होत्या', हा पोस्टमॉर्टमचा प्रश्न आहे. दहावी शिकलेल्या आईला तो लगेच पडला. चार वर्षं इंजिनिअरिंग करून, वर त्याच धंद्याचा पगार घेऊन, मला इमोजी सुचला.

इथं एक आक्षेप रास्त आहे. सर्व्हर बंद पडणं आणि मुलाच्या पोटात सॅनिटायझर जाणं, या दोन गोष्टी सारख्या नाहीत. बारा आयांनी त्या दिवशी काय भोगलं असेल, ते 'व्यवस्थेतली त्रुटी' या शब्दांत मावणार नाही. मान्य. चूक झाली, आणि मोठी झाली. पण म्हणूनच तर तिचं कारण शोधणं जास्त गरजेचं होतं. तिघांना घरी बसवल्यानं पुढच्या बूथवरच्या टेबलावर दोन बाटल्यांमधलं अंतर वाढत नाही.

त्याच रविवारी देशभरात सुमारे ८९ लाख मुलांना पोलिओचे थेंब दिले गेले. बारांची बातमी झाली, हे ठीकच आहे. बातमी चुकीचीच होते. मात्र ज्या हातांनी ८९ लाखांचं काम केलं, ते हात आपल्याला फक्त चुकल्यावरच दिसतात, ही सवय आपल्याला लागली कुठून? यासाठी जाहिरातीकडे जावं लागेल.

जाहिरात

माझ्या वयाच्या कुणालाही 'दो बूंद जिंदगी की' म्हटलं की अमिताभ बच्चनचा आवाज ऐकू येतो. भारतात पल्स पोलिओ १९९५ ला सुरू झाला. अमिताभ त्या मोहिमेचा चेहरा झाले तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. क्रिकेट मॅचच्या मध्ये ती जाहिरात लागायची. त्यातले अमिताभ कधी समजावायचे, कधी चक्क रागवायचे. मुलाला थेंब पाजायला न नेणाऱ्या आईबापांवर. आमच्या घरी तेव्हा सगळे गप्प व्हायचे, जणू आम्हीच नेलं नव्हतं.

जाहिरात म्हणून ती फार यशस्वी होती, यात शंका नाही. २००९ मध्ये भारतात पोलिओचे ७४१ रुग्ण होते. २०११ मध्ये एक. जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालच्या हावड्यात सापडलेली ती मुलगी देशातली जंगली पोलिओ विषाणूची शेवटची रुग्ण ठरली. २७ मार्च २०१४ ला भारतासह जागतिक आरोग्य संघटनेचा आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. दोन वर्षांत ७४१ वरून एकावर येणं ही आपल्या देशानं केलेल्या मोठ्या कामांपैकी एक आहे. ते आवाज चढवून सांगायलाही माझी हरकत नाही.

तरीही ती जाहिरात आज पुन्हा बघितली की दोन गोष्टी खटकतात.

पहिली, तिच्या गोष्टीत दोनच पात्रं आहेत : सांगणारा मोठा माणूस आणि ऐकणारी आई. मधली बाई नाही. डबा खांद्याला लावून उन्हात फिरणारी, बंद दारावर खडूनं खूण करून संध्याकाळी परत येणारी. दारावरच्या त्या खुणा आठवतात का? 'पी' म्हणजे या घरातल्या सगळ्या मुलांना थेंब मिळाले. 'एक्स' म्हणजे कुणीतरी राहिलंय, परत यायचं. प्रत्येक घराची स्थिती त्याच्याच दारावर लिहिलेली. मी आज ज्याला डेटाबेस म्हणतो, तो मी पहिल्यांदा बघितला तो आमच्या गल्लीतल्या दारांवर. जाहिरातीला थेंब दिसले, थेंब मोजणारी वही दिसली नाही.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. जाहिरातीनं निर्मूलनाला युद्धाचा आकार दिला. शत्रू आहे, लढाई आहे, विजय आहे. २०१४ ला विजय मिळाला. मग पुढं काय? युद्ध जिंकल्यावर सैन्य घरी जातं. पण पोलिओचे थेंब थांबले नाहीत, थांबवताही येत नाहीत. पोलिओचा विषाणू शरीरात शिरलेल्या सुमारे दोनशे जणांपैकी एकालाच कायमचा लुळेपणा येतो. बाकीच्यांना कळतही नाही, आणि तरी ते विषाणू पसरवत राहतात. म्हणून जगात कुठंही तो शिल्लक असेपर्यंत प्रत्येक देशाला आपली मुलं सुरक्षित ठेवावी लागतात. निर्मूलन हा शब्द अख्ख्या जगासाठी आहे. एका देशापुरतं फक्त 'सध्या इथं नाही' एवढंच म्हणता येतं.

आईला बूथवर सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे : "ताई, पोलिओ गेला म्हणतात ना, मग दरवर्षी थेंब कशाला?" विजयाची गोष्ट ऐकलेल्या माणसाला हा प्रश्न पडणारच. जाहिरातीकडे त्याचं उत्तर नाही. आई तिचं उत्तर देते : "आपल्या घरी चोर आला नाही म्हणून कडी लावायची सोडतो का?" जाहिरातवाल्यांनी तिला कधी विचारायला हवं होतं.

कोरोनात या युद्धाच्या भाषेचं पुढचं टोक आलं. 'कोविड योद्धा' हा शब्द आला, टाळ्या आल्या, दिवे आले. योद्ध्याचा सत्कार होतो आणि योद्धा चुकला तर त्याला शिक्षा होते. त्याचं काम कुणी समजून घेत नाही. आईला एका कार्यक्रमात योद्धा म्हणून प्रमाणपत्र मिळालं. ते आमच्या टीव्हीमागे ठेवलंय. तिला हवा होता तो एक चांगला ऑक्सिमीटर, कारण मिळालेला दर दुसऱ्या घरात बंद पडायचा.

आलेख

आता माझ्या धंद्याची गोष्ट. मी डॅशबोर्ड बनवतो. आकडे येतात, रेघ काढायची, रेघ वर गेली की लाल, खाली गेली की हिरवी. या कामात नवख्या पोराला पहिल्या आठवड्यात एक फरक शिकवतात : शून्य आणि नल. शून्य म्हणजे मोजलं आणि काही सापडलं नाही. नल म्हणजे मोजलंच नाही. दोन्ही स्क्रीनवर बऱ्याचदा सारखेच दिसतात. आलेखात नलच्या जागी शून्य धरलं गेलं, की रेघ सुंदर खाली येते आणि सगळे खूश होतात.

महामारीनं रोगनिर्मूलनाच्या आकड्यांत हेच केलं. तिनं शून्यांचे नल केले, आणि आपण ते शून्य म्हणून वाचले.

आपल्या देशातलं सगळ्यात स्वच्छ उदाहरण क्षयरोगाचं आहे. भारतानं २०२५ पर्यंत टीबी संपवायचं ठरवलं होतं, जगाच्या २०३० च्या उद्दिष्टाच्या पाच वर्षं आधी. जानेवारी २०२० मध्ये कार्यक्रमाचं नावसुद्धा बदललं. आधी 'क्षयरोग नियंत्रण' होतं, ते 'क्षयरोग दुरीकरण' झालं. दोन महिन्यांत लॉकडाऊन लागला. २०१९ मध्ये देशात टीबीच्या सुमारे २४ लाख रुग्णांची नोंद झाली होती. २०२० मध्ये ती सुमारे १८ लाखांवर आली. नुसती रेघ बघणाऱ्याला वाटेल, काय प्रगती! प्रत्यक्षात सहा लाखांची घट नोंदीत झाली होती. दवाखान्यात जायला गाडी नव्हती, खोकला म्हटलं की लोक लपवत होते, आणि टीबी तपासणारी यंत्रं कोरोनाच्या तपासणीला लागली होती. जगभरातही तेच झालं. २०१९ मध्ये टीबीचं नव्यानं निदान झालेले ७१ लाख होते, २०२० मध्ये ५८ लाख. आणि निदान घटलेल्या त्याच वर्षी टीबीचे मृत्यू दशकभराहून अधिक काळात पहिल्यांदा वाढले. रेघ खाली, प्रेतं वर.

पोलिओत हा खेळ आणखी फसवा आहे. मार्च २०२० मध्ये जागतिक पोलिओ निर्मूलन मोहिमेनं घरोघर जाऊन थेंब पाजण्याच्या मोहिमा थांबवण्याचा सल्ला दिला. निर्णय सोपा नव्हता. घरोघर फिरणारे कार्यकर्तेच कोरोना पसरवतील ही भीती खरी होती. पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात, म्हणजे जंगली पोलिओ जिथं अजून टिकून आहे त्या दोन देशांत, काही महिने मोहिमा बंद राहिल्या. त्याच ऑगस्टमध्ये आफ्रिका खंड जंगली पोलिओतून मुक्त झाल्याचं जाहीर झालं. २०२० मध्ये दोन्ही देश मिळून जंगली पोलिओचे १४० रुग्ण होते. २०२१ मध्ये सगळ्या जगात सहा.

सहा! आलेखावर याहून सुंदर वर्ष दुसरं नाही.

त्या सहांतला एक रुग्ण आफ्रिकेतल्या मलावी देशातला होता. एक लहान मुलगी, नोव्हेंबर २०२१ मध्ये लुळी पडली. विषाणूची जनुकीय तपासणी झाली तेव्हा त्याचं नातं २०१९ मध्ये पाकिस्तानच्या सिंध प्रांतात फिरणाऱ्या विषाणूशी निघालं. मधली दोन वर्षं तो कुठं होता? कुठंतरी माणसांतच होता. एका आतड्यातून दुसऱ्यात जात, एक समुद्र ओलांडून. कुणाच्याही रजिस्टरात नाही. पुढच्या वर्षी शेजारच्या मोझांबिकमध्ये आठ मुलं सापडली. आणि २०२४ मध्ये पाकिस्तान-अफगाणिस्तान मिळून आकडा पुन्हा ९९ वर गेला. त्यामागे युद्ध, राजकारण, बहिष्कार अशी बरीच कारणं आहेत, सगळं कोरोनावर ढकलता येणार नाही. पण २०२१ च्या त्या हिरव्या रेघेवर विश्वास ठेवणं चूक होतं, एवढं नक्की.

हे कळण्यासाठी पाळत कशी ठेवतात ते माहीत हवं. पंधरा वर्षांखालच्या कुठल्याही मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, की त्याची नोंद करायची, कारण पोलिओ असो वा नसो. चौदा दिवसांच्या आत शौचाचे दोन नमुने घ्यायचे, बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पाठवायचे. गंमत अशी, की ज्या भागातून अशी एकही नोंद येत नाही, त्या भागाचं कौतुक होत नाही, त्याच्यावर संशय घेतला जातो. पोलिओ नसला तरी इतर कारणांनी दर लाख मुलांमागे वर्षाला एखाद-दोन लुळी पडणारच. ती दिसत नसतील तर तुम्ही बघत नाही आहात. मुंबईत तर २००१ पासून सांडपाण्याचे नमुने घेऊन त्यात विषाणू शोधतात. म्हणजे शून्य सिद्ध करावं लागतं, रोज. लॉकडाऊनमध्ये गाड्या बंद, नमुने नेणार कसे? घरं बंद, मूल लुळं पडलंय हे सांगणार कोण?

आपल्याजवळचा पुरावा हवा असेल तर मुंबईतलं गोवंडी आठवा. भारताला २०२३ पर्यंत गोवर संपवायचा होता. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गोवंडीत गोवर उसळला, मुलं दगावली. मालेगाव आणि भिवंडीतही तो पसरला. त्यातली किती मुलं कोरोनाच्या दोन वर्षांत लशीला मुकलेली होती, हे त्या मुलांच्या लसीकरणाच्या कार्डांवर दिसत होतं. जगभरात २०२१ मध्ये १ कोटी ८० लाख मुलं अशी होती, ज्यांना नेहमीच्या लशींचा पहिला डोससुद्धा मिळाला नव्हता. गोवर फार पसरतो, म्हणून तो लवकर दिसतो. रिकाम्या रकान्यात काय दडलं होतं, ते तो सगळ्यांत आधी बाहेर काढतो.

रकाना

बातमी, जाहिरात आणि आलेख, तिघांचा दोष मला एकच वाटतो. तिघांनाही गोष्ट संपलेली हवी आहे. बातमीला निलंबन झालं की संपते, जाहिरातीला विजय मिळाला की संपते, आलेखाला रेघ शून्याला टेकली की संपते. निर्मूलन हे मात्र न संपणाऱ्या कामाचं नाव आहे, आणि महामारीत ते काम बंद पडलं हे कळायला आपल्याला दोन-तीन वर्षं लागली, कारण ते काम आपल्या गोष्टीत कधी नव्हतंच.

ते काम करणाऱ्या बायकांची किंमत काय, याची दोन उत्तरं याच काळात मिळाली. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या आशा संपावर गेल्या. सरकारच्या लेखी त्या कर्मचारी नाहीत, स्वयंसेविका आहेत, त्यांना पगार नाही, मोबदला आहे. यवतमाळच्या तिघांमध्ये एक आशा असल्याचं बातम्यांत होतं. नोकरीवर न घेतलेल्या बाईला निलंबित करायची सोय मात्र आहे. मग मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांचा जागतिक पुरस्कार देऊन गौरव केला. त्याच यादीत अफगाणिस्तानातले आठ पोलिओ कार्यकर्तेही होते. त्यांना त्याच वर्षी फेब्रुवारीत, थेंब पाजायला घरोघर फिरताना, गोळ्या घालून मारण्यात आलं होतं. एका यादीत आमच्या गल्लीतली आशाताई आणि कुंदुझमधली ती माणसं. मला वाटतं जागतिक मोहीम म्हणजे काय, हे त्या यादीनं जाहिरातीपेक्षा नीट सांगितलं.

परवा घरी गेलो तेव्हा आईकडे तिची जुनी रजिस्टरं मागितली. तिला वाटलं रद्दीत घालायला मागतोय. सरकारी कागदात 'काही नाही' लिहायला एक शब्द असतो : निरंक. महिन्याचा अहवाल द्यायचा, सुटलेली मुलं किती या रकान्यात कुणीच नसेल तर रकाना रिकामा सोडायचा नाही, 'निरंक' लिहायचं. लिहिणारी जणू शपथेवर सांगते, की मी बघितलं आणि कुणी नव्हतं. आमच्या धंद्यातला शून्य आणि नलचा फरक मराठी कारकुनीत कधीपासून आहे, मला कुणी सांगितलंच नव्हतं.

रजिस्टरात आईचं अक्षर बारीक, सरळ. जानेवारी २०२०, निरंक. फेब्रुवारी, दोन मुलं, खाली नावं, पुढं 'दिले' असा शेरा. मार्च अर्धा. एप्रिल, मे, दोन महिने रकाने कोरे.

मी विचारलं, "हे का नाही भरलं? निरंक लिहून टाकायचं. त्या वेळी कोण तपासायला येणार होतं?"

"कोणीच नाही," ती म्हणाली. "पण मी गेलेच नव्हते ना त्या घरी. दोन महिने कोनाच्या घरात कोनतं लेकरू राहिलं, मला काय माहीत? निरंक कसं लिहू?"

जूनच्या पानावर अकरा नावं होती. सुटलेली मुलं. त्यांतल्या नऊ नावांपुढं तारखा आहेत, जुलै आणि ऑगस्टच्या. उरलेल्या दोघांपुढं तिनं लिहिलंय, 'ऊसतोडीला गेले, परत आल्यावर बघणे'. त्याखाली दुसऱ्या शाईनं तारीख आहे, पुढच्या वर्षाच्या मे महिन्यातली.

मी ऑफिसचा तो जुना ग्रुप उघडला, २०२१ च्या फेब्रुवारीपर्यंत वर सरकवत गेलो. माझा मेसेज तिथंच आहे, खाली सतरा हसणारे चेहरे. आईचे दोन प्रश्न मी त्याखाली टाइप केले. चार वर्षांनी उत्तर देताय का, म्हणून एकानं विचारलं. मग दुसऱ्यानं लिहिलं, "माझी मावशी पण आशा आहे यार. सांगोल्याला."